बायोच्या गळ्यातला वण

मी मुरबाडचा. म्हणजे मुरबाड गावातला नाय, तिथून एसटीनं वर डोंगराकडे यायचं, रस्ता संपतो तिथं आमचं गाव आणि गावाच्या मागं सरळ कडा. माझा बाप हाकेकरी होता. हाकेकरी म्हणजे काय ते आताच्या पोरांना माहीत नाय, म्हणून सांगतो. मुंबईहून शेठ लोक जीपगाडीतून शिकारीला यायचे, ते मचाणावर बंदूक घेऊन बसायचे आणि आमच्या गावची माणसं रानाच्या दुसऱ्या अंगानं रांग धरून, डबे वाजवत, आरडत यायची, म्हणजे जनावर उठून पळायचं ते बरोबर शेठच्या बंदुकीपुढं. माझा बाप त्या रांगेत मधोमध असायचा, आवाज मोठा होता त्याचा. बाप म्हणायचा, मी जन्मभर वाघ बघितला तो पाठमोरा, तोंड काय ते शेठलाच दिसलं. आमच्याकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात, पट्ट्याचा काय नि ठिपक्यांचा काय. मी लहान असताना शिकारबंदीचा कायदा आला नि ते सगळं थांबलं. बापाचा डबा घरात राहिला, आई त्यात तूरडाळ ठेवायची.

हे आधी सांगतो कारण माझ्यावर जे जे लिहून आलंय त्यात असं आहे की हाकेकऱ्याच्या मुलानं लहानपणीच जनावरं वाचवायची शपथ घेतली. मी कसली शपथ घेतली नाय. काय सांगू तुमाला, मला रानाचं कौतुक असं काही नव्हतंच. भाताची शेती, ती उरकली की दिवाळीनंतर माळावरचं गवत कापायचं, गवत तबेल्यांना जायचं मुंबईकडं, त्या कापणीवर आमी नवरा-बायको दोघं जायचो. जनावरांचं सगळं आमच्या घरात आलं ते माझ्या बायकोबरोबर आलं. हिरा तिचं नाव. तिचं माहेर शहापूर तालुक्यातलं, खर्डी स्टेशनवर उतरून आत जायचं, भातसा धरणाचं पाणी जिथवर मागं पसरलंय त्याच्या कडेच्या रानात एक वाडी आहे. लग्नात तिच्या भावजयीनं, जनीवैनीनं, उखाणा घेताना मला अडवलं नि म्हणाली, पाव्हणं, तुमी डबा वाजवणाऱ्याचं पोर, आमच्या हिरीला हाका घालून पळवणार तर नाय ना. सगळा मांडव हसला. तिचा थोरला भाऊ गोविंददादा, तो नाय हसला, तो कमी हसायचा, पण जेवताना माझ्या पानात त्यानं दोनदा तूप वाढलं.

त्या वाडीचं एक सांगायला पायजे, नायतर पुढचं तुमाला कळणार नाय. तिथं रानाच्या तोंडाशी वाघोबा आहे, शेंदूर लावलेला दगड, त्यावर वाघाचं चित्र कोरलेलं. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, त्या दिवशी सगळी वाडी गुरं-शेळ्या घेऊन तिथं जाते, तिथंच चूल मांडून नव्या तांदळाची खीर करतात, पहिली खीर वाघोबाला आणि मग सगळ्यांसमक्ष सांगतात की बाबा, आमी तुझ्या वाटेला जात नाय, तू आमच्या वाटेला येऊ नको. मग वर्षात एखादी शेळी गेली तर ती त्याची. त्याच्यावर कोणी कुऱ्हाड घेऊन जात नाय, मेलेल्या शेळीवर विष टाकत नाय, ओरडत पण नाय. आमच्या गावातही पूर्वी होतं हे, रस्ता आला नि सुटलं. त्यांच्याकडं सुटलं नाय.

तर गवताच्या कापणीत एकदा हिराच्या विळ्यापुढं दोन पिल्लं आली. मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेले. सगळे गोळा झाले, कोणी म्हणे पाटीत घाला, कोणी म्हणे दाखवायला मुरबाडला न्या, मी पण हात पुढं केला होता, खोटं कशाला बोलू. हिरा म्हणाली, आय इथंच कुठंतरी बसून आपल्याला बघतेय, विळे उचला नि चला. मालक म्हणाला, माझं गवत कोण कापणार. ती म्हणाली, तुमचं गवत उद्या पण उभंच असेल, ते काय पळतंय. आमी लांबच्या बांधावर जाऊन बसलो. दिवस कलला तशी ती आली, एकाला मानेला धरून घेऊन गेली, मग दुसऱ्याला न्यायला परत आली. मी तेव्हा पहिल्यांदा वाघाचं तोंड बघितलं. बाप असता तर त्याला सांगितलं असतं.

तिथून सुरू झालं. कोणाच्या खुराड्यात अजगर, कोणाच्या शेतात जखमी घुबड, कुठं भेकराचं पाडस कुत्र्यांनी धरलेलं, की माणूस आमच्या दारात. माणूस यायचा तो मला हाक मारायचा, पुरुष माणसाशी बोलायचं म्हणून, मी आत जाऊन हिराला विचारायचो, ती सांगेल ते बाहेर येऊन सांगायचो. एकदा उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या विहिरीत वाघ पडला. अख्खा तालुका काठावर. हिरानं एक बाज मागवली, चार पायांना चार दोर बांधून पाण्यात सोडली, तो बिचारा दमलेला, चढून बसला बाजेवर. मग शिडी सोडायला लावली नि लोकांना म्हणाली, आता घरी जा. कोण जातंय. एक टारगट म्हणाला, हिराकाकू, तुमीच उतरा नि त्याला हात धरून वर आणा. ती म्हणाली, उतरते की, पण आधी तुझ्या बायकोला विचारून ये, तुला वर ठेवू का खाली टाकू. हसत हसत माणसं पांगली. काठावर कोणी उरलं नाय तसा तो शिडीनं वर आला नि गेला. पेपरात आलं की मी कमरेला दोर बांधून विहिरीत उतरलो. मी उतरलो नव्हतो, मी लोकांना चहा वाटत होतो. पण ते वाचलं नि मी ते खोडलं नाय. हिरानं वाचून घेतलं सुमनकडनं, सुमन म्हणजे आमची मुलगी, एकुलती एक, आणि हसून म्हणाली, बरं झालं, मला फोटोत उभं राहायची लाज वाटते. पहिलं खोटं हे असं पडलं बघा, हसण्यावारी.

आता बायोचं. ज्यासाठी तुमाला मी बोलावलं ते.

हायवेवर गाडीखाली बिबट्याची एक मादी मेली होती, तिचं पिल्लू. वनखात्यातल्या माणसांनी केळ्याच्या टोपलीतून आणून दिलं, म्हणाले थोडे दिवस सांभाळा, ठेवायची सोय झाली की गाडी पाठवतो. हिरानं त्याला शेळीचं दूध पाजलं, बोळ्यानं. आमच्याकडं शेळ्या होत्या, त्यांच्याच करडांत ते झोपायला लागलं, शेळ्यांनी पण त्याला घेतलं, म्हणजे आधी बुजल्या, मग त्यांना कळलं की याला शिंगं दाखवली की हे पळतं. हिरा संध्याकाळी शेळ्यांना हाक घालायची, तिच्या माहेरची हाक, जीभ टाळूला लावून टक् टक् टक् आणि मग लांब सूर काढून ये गो बायो, ये गो. शेळ्या यायच्या नि त्यांच्याबरोबर हे पण पळत यायचं, कारण हाक आली म्हणजे दूध. म्हणून आमी तिचं नाव बायो ठेवलं. एक कान फाटका होता तिचा, टोपलीत अडकून फाटलेला.

गाडी आली न्यायला. मी सांगितलं, तिला हगवण लागलीय, आता नका नेऊ. दुसऱ्यांदा आली तेव्हा सांगितलं, अजून अशक्त आहे. मग साहेब बदलले आणि मी गप्प बसलो. तुमी विचाराल का. एक तर माया लागली होती, ते खरं आहे, पण तेवढंच नाय. तोवर मुंबईची माणसं गाड्या घेऊन रविवारी यायला लागली होती. मी अंगणात पाठ करून उभा राहायचो, टक् टक् करून बायो म्हणून हाक मारायचो आणि ती मागून धावत येऊन पुढचे दोन पाय माझ्या खांद्यावर टाकायची. लोक फोटो काढायचे. बापाला जन्मभर पाठमोरा वाघ दिसला आणि इथं वाघाला माझी पाठ दिसायची, असं मी सगळ्यांना सांगायचो, माझं ठरलेलं वाक्य होतं ते, लोकांना फार आवडायचं. एरवी तिला काथ्याच्या दोरीनं बांधून ठेवायचो, मोठी झाली होती, कोणाच्या कोंबड्यांत जाईल म्हणून. त्या दोरीनं तिच्या गळ्याभोवतीचे केस गेले, गोल वण पडला.

हिरा म्हणायची, एक काहीतरी करा. रानात सोडायची होती तर माणसाची सवय लावायला नको होती, आता लागलीय तर खात्याला देऊन टाका, जन्मभर पिंजऱ्यात राहील पण जगेल. मी म्हणायचो, बघू. हिरा म्हणायची, तुमचं बघू म्हणजे नाय. पोरगी म्हणायची, बाबा, आई बरोबर बोलतेय. दोघी एका बाजूला असायच्या नेहमी.

मग नव्या साहेबांचा निरोप आला की आता न्यायला येतोच, कारण सांगू नका. हिरा नि सुमन मुरबाडच्या बाजाराला गेल्या होत्या. मी ओळखीच्या माणसाचा गवताचा टेम्पो बोलावला, बायोला आत घेतलं, वरून गवत टाकलं आणि शहापूरवरून खर्डीला नेलं, तिथून आत, धरणामागच्या रानात. माझ्या सासुरवाडीच्या रानात. इतकी रानं टाकून तिकडंच का नेली, तर विचार केला होता मी. म्हटलं, ही माणसं वाघबारस करणारी, इथं हिला कोणी हात लावणार नाय. ते बरोबरच होतं. सगळ्या तालुक्यात हिला सोडायला त्याहून चांगली जागा नव्हती. पण वाडीत जाऊन गोविंददादाला सांगितलं नाय, कारण त्याला सांगितलं की ते हिराला कळणार. आणि दुसरं, जे माझ्या डोक्यात आलंच नाय, हिरा जी हाक घालते ती हाक तिनं कुठून आणली. ती त्याच वाडीतली. तिथली प्रत्येक बाई संध्याकाळी शेळ्यांना तीच हाक घालते.

मी दोरी कापली, मटण टाकलं आणि टेम्पोत बसलो. घरी येऊन सांगितलं, बायोनं दोरी तोडली नि कड्याकडं गेली, जाताना एकदा थांबली, वळून माझ्याकडं बघितलं. हे वळून बघितलं कुठून तोंडात आलं देव जाणे. साहेबांना तेच सांगितलं, पेपरवाल्यांना तेच. सगळीकडं तेच छापून आलं. खरं काय झालं ते सांगतो. तिनं नाय वळून बघितलं, मी बघितलं, टेम्पोतून. ती मटण टाकून उठली होती आणि टेम्पोच्या मागं मागं चालायला लागली होती.

महिना पण झाला नसेल. जनीवैनी दिवस मावळताना माळावर उभी राहून शेळ्यांना हाक घालत होती, ये गो बायो, ये गो, आणि करवंदीच्या जाळीतून ती आली नि मागून वैनीच्या खांद्यावर पाय टाकले. माझ्यावर टाकायची तसे. वैनी पडली, नखं खांद्यात रुतली. गोविंददादा जवळच लाकडं फोडत होता. माणूस काय करणार. बायकोच्या अंगावर वाघ आहे आणि हातात कुऱ्हाड आहे. तुमी केलं असतं, मी केलं असतं. एकाच घावात बायो गेली.

त्यांनी लपवलं नाय काही. दुसरा कोणी असता तर पुरून टाकला असता नि विषय संपला असता. त्यांनी तिच्यावर लुगडं पांघरलं, हळद-कुंकू वाहिलं, बायका रडल्या, कारण वाघबारसचा शब्द त्यांच्या हातून मोडला होता. आणि गोविंददादा आपल्या पायानं चालत खर्डीला गेला सांगायला.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. वाघातलं कळणारा माणूस म्हणून. हिरा पण बरोबर आली, भावाचं घर म्हणून. लुगडं बाजूला केलं नि मी फाटका कान बघितला. हिरानं पण बघितला. साहेब भला माणूस होता, नीट विचारत होता, त्यानं मला विचारलं, ही तुमच्याकडं होती ती तर नाय ना. मी म्हटलं, नाय, आमची वर घाटाकडं गेली. मग त्यानं गळ्यावरचा वण दाखवला नि म्हणाला, हे कशाचं असेल. वैनी तिथंच ओट्यावर होती, खांद्याला फडकं बांधलेलं, गोविंददादा जमिनीवर उकिडवा बसलेला, माझ्याकडं बघत होता की आता पाव्हणं काय ते सांगतील.

मी म्हटलं, फासा असावा.

भाऊ, एवढेच शब्द. फासा असावा. मग साहेबानं तरी काय करायचं. फासा लावून धरली, जखमी होऊन ती बाईच्या अंगावर आली, मग मारली, असं ते सरळ जुळलं. गोविंददादाला नेलं. जनीवैनी ओरडत होती, अवो पाव्हणं, तुमी तरी सांगा, आमच्या वाडीत फासा कोणाच्या घरात आहे दाखवा. मी खाली बघत उभा राहिलो.

घरी आल्यावर हिरानं भात लावला. मी वाट बघत होतो की आता ओरडेल, भांडं फेकेल. भात उतरवून ती म्हणाली, तुमी सांगणार का मी सांगू. मी म्हटलं, सांग. मग मी तुरुंगात जातो, तू पोरीला घेऊन बस. ती खूप वेळ चुलीपुढं बसली. आणि काही बोलली नाय. म्हणजे त्या दिवशी नाय, दुसऱ्या दिवशी नाय, पुढं कधीच नाय. एकीकडं भाऊ नि एकीकडं नवरा नि पोर, तिनं काय केलं असतं सांगा. शेळ्या तिनं शेजारणीला देऊन टाकल्या. ती हाक परत आमच्या अंगणात ऐकू आली नाय. आणि ती माहेरी जायची बंद झाली. भांडण नाय, तंटा नाय, बंद. तिथं जाऊन भावजयीच्या समोर बसायचं आणि खोटं बोलायचं हे तिला जमणार नव्हतं, आणि खरं बोलायचं दार मी लावून घेतलं होतं. सुमन विचारायची, आई, मामाकडं का नाय जायचं. ती म्हणायची, मामा कामात असतो.

गोविंददादा काही महिने आत होता, मग जामिनावर सुटला, मग कितीतरी वर्षं शहापूरला तारखा. शेवटी पुरावा नाय म्हणून सोडला. पण सोडला म्हणजे काय, नाव पडलं ते पडलंच. फासेवाल्यांची वाडी. रानात कुठं काही झालं, डुक्कर मेलं, भेकर मेलं, की पहिली चौकशी त्या वाडीत. ज्या माणसांनी शेळी गेली तरी तोंडातून शब्द काढला नव्हता, त्यांची. रोपं लावायच्या कामाला, वणवा विझवायच्या कामाला दुसऱ्या गावची माणसं घ्यायचे, यांना नाय.

आणि माझा इकडं सत्कार. शाल, नारळ, भाषण, की यांच्या हातून सुटलेली बिबट्याची मादी आजही घाटात फिरत असेल. हिरा त्या शाली घडी करून ठेवायची नि घारीचं पंख मोडलेलं पिल्लू आलं की त्यात गुंडाळायची. काम तिनं सोडलं नाय. उलट वाढवलं. सुमन तिच्या हाताखाली शिकली, आता लांब दुसऱ्या जिल्ह्यात जनावरांच्या दवाखान्यात आहे, मोठं काम करते. आमचं घर बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय कुटुंब आहे, तिघं मिळून एका कामाला वाहिलेली. आतून हिरा माझ्याशी कामापुरतं बोलायची. साप कुठल्या पिशवीत आहे, गाडी कधी येणार, भाकरी वाढू का. बाकी काही नाय. ती मला कधी टाकून बोलली नाय, तुमाला सांगतो, एकदा बोलली असती तर बरं झालं असतं.

गेल्याच्या आदल्या थंडीत ती गेली. ताप आला, तो उतरलाच नाय. आमच्याकडं रीत आहे, बाई नवऱ्याआधी गेली तर तिच्यावर माहेरचं लुगडं पडावं लागतं. मी खर्डीला निरोप पाठवला होता, पण येईल असं वाटलं नव्हतं. गोविंददादा आला. किती म्हातारा झाला होता. हिरवं लुगडं आणलं होतं, तिच्या अंगावर घातलं, पायाशी डोकं टेकलं, सुमनच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या घरचं पाणी न पिता गेला. एसटी सुटली होती तर चालत गेला, लोक सांगत होते.

मग घरात मी एकटाच. आता गावाच्या कडेला माहिती केंद्र बांधतायत ते तुमी येताना बघितलंत ना, त्याच्या भिंतीवर बायोचं चित्र काढायचंय, वळून बघणारं. खालचा मजकूर त्यांनी सुमनकडं मागितला, तिचा फोन आला, म्हणाली बाबा, त्या दिवशीचं नीट सगळं सांगा, भिंतीवर लिहायचंय. मी काय लिहायचं ते सांगायला लागलो नि तोंडातून हे सगळं बाहेर पडलं. टेम्पो, दोरी, फासा असावा, सगळं. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, मामाला सांगितलंत का. मी म्हटलं नाय. तिनं फोन ठेवला. आता रविवारी फोन येतो तिचा, गोळ्या घेतल्या का विचारते, हो म्हटलं की ठेवते. घरी आली नाय त्यानंतर. मी तिला ये म्हणालो पण नाय, कुठल्या तोंडानं म्हणू.

तर मागच्या वाघबारशीला मी वाडीत गेलो. वाघोबापाशी सगळे जमलेले, चुलीवर खीर, पोरंबाळं, गुरं. बसा पण कोणी म्हणालं नाय. मी उभ्या उभ्याच सांगितलं. वाघीण माझी होती, मी आणून सोडली, वण माझ्या दोरीचा होता, फासा मी म्हटलं. सगळं सांगितलं, शेवटपर्यंत. मला वाटलं होतं मारतील, थुंकतील, निदान कोणीतरी रडेल. काहीच झालं नाय. चुलीपाशी एकजण खीर ढवळत होता तो ढवळतच राहिला.

मग गोविंददादा म्हणाला, पाव्हणं, ह्ये हितं कशाला सांगताय. हितं ठाव नाय आसं कोन हाय. फाशाचा वण कसा असतो नि बांधल्याल्या जनावराचा कसा असतो, आमाला कळत नाय व्हय. नि त्यातनं बी काय शंका असती, तर हिरी यायची बंद झाली तवाच सगळं कळलं.

मी म्हटलं, मग तुमी बोलला का नाय. कोर्टात का नाय सांगितलं.

तो म्हणाला, तुमाला आत घातलं असतं तर हिरी कुनाकडं बघनार व्हती. मी बसलो आत. माझ्या मागं वाडी व्हती. तिच्या मागं तुमीच व्हता.

काय सांगू तुमाला. इकडं ती भावापायी माहेराला तुटली आणि तिकडं तो तिच्यापायी गप्प बसला, आणि दोघांच्या मधे मी शाल पांघरून उभा. मी खाली बसलो. जनीवैनी पळसाच्या पानावर खीर घेऊन आली, तिचा डावा हात वर होत नाय अजून, उजव्या हातानं पान पुढं केलं नि म्हणाली, खावा. मग आणखी एक पळी वाढली नि म्हणाली, ही हिरीच्या वाटची, किती वर्षांची राह्यलीय. पान तसंच टाकून उठायचं नसतं तिथं, म्हणून खाल्ली.

निघताना गोविंददादा वाटेपर्यंत आला. म्हणाला, सांगायचं आसंल तर शहापुरात सांगा, खर्डीत सांगा, तुमच्या त्या पेपरवाल्यांना सांगा. जिथं आमाला फासेवाले म्हनत्यात तिथं. आमच्या वाघोबाला सांगून काय उपेग, तो तर बघतच व्हता.

मग मी शहापूरला गेलो, खात्याच्या कचेरीत. तिथला साहेब तरुण मुलगा, त्यानं खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, म्हणाला बाबा, केस केव्हाच मिटली, आता यात काय करायचं ते वरून विचारून सांगतो. त्याचं बरोबर आहे. केंद्राच्या पोरांना सांगितलं, ते चित्र काढू नका. ती पोरं म्हणाली, काका, तुमचं वय झालंय, तुमाला आता नीट आठवत नसेल. देणगीवाल्यांना चित्र आवडलंय. आता कोणी माझ्या ओट्यावर येत नाय फारसं. साप निघाला तर गावात दोन पोरं तयार झालीत, त्यांना बोलावतात. मी बसून असतो. बोलायचं म्हटलं तर भिंत.

म्हणून तुमाला बोलावलं. तुमी मास्तर माणूस, लिहिता, शहापुरात तुमचं वाचतात. माझी कहाणी म्हणून लिहा, हरकत नाय, पण माझं नाव घालायच्या आधी त्याचं घाला, गोविंददादाचं, आणि त्यानं फासा लावला नव्हता हे घाला. आणि छापायच्या आधी एक करा. मला वाचून दाखवू नका. वाडीत जा, त्याला वाचता येत नाय, त्याच्याजवळ बसून सावकाश वाचून दाखवा, कानानं कमी ऐकतो तो, जनीवैनीला पण बसवा. तो म्हणाला छापा, तर छापा. एखादं काढा म्हणाला तर ते काढा, माझ्याबद्दल आणखी वाईट घाला म्हणाला तर घाला. आणि नकोच म्हणाला, इतक्या वर्षांनी हिरीचं नाव लोकांच्या तोंडी नको म्हणाला, तर कागद त्याच्याकडंच ठेवून या. मग भिंतीवर ते चित्र काढतील, लोक येऊन बघतील, मी इथं बसून राहीन. ते पण त्याच्याच हातात असू द्या.